जुन्या गाडीची फाइल: गिऱ्हाइकाला काय द्यायचं, काय मागे ठेवायचं

दादरच्या एका काकूंनी त्यांच्या यजमानांची डुक्कर फियाट (जुन्या गोलसर फियाट मोटारीचं मुंबईतलं लाडाचं नाव) विकून द्यायला मला सांगितलं. गाडीबरोबर रेक्झिनची पिशवी आली. आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, इन्शुरन्सच्या पिवळ्या पडलेल्या पॉलिसी आणि तळाशी एक डायरी, १९७१ ते १९८८. प्रत्येक पानावर निळ्या शाईत चार रकाने: तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर आणि कुठे गेलो.

जुन्या गाडीच्या बाजारात अशी डायरी म्हणजे सोनं. मीटरवरचा आकडा खरा आहे हे सांगणारा याहून चांगला पुरावा मिळत नाही. मी खुशीत पानं उलटत होतो, आणि १९७६ च्या पावसाळ्यापासून चौथ्या रकान्यात दर गुरुवारी एकच शब्द दिसायला लागला: शिवडी. अकरा महिने. मुंबईच्या जुन्या माणसाला शिवडी म्हटल्यावर टीबीचं हॉस्पिटल सांगावं लागत नाही. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सासूबाईंना होता. नणंदेचं लग्न ठरत होतं, म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही."

(हे काकूंच्या परवानगीने लिहितोय. दादर आणि गुरुवार, दोन्ही बदललेलं आहे.)

गिऱ्हाईक डायरी मागत होतं, आणि त्याचं मागणं रास्त होतं. काकूंना ती द्यायची नव्हती, आणि तेही रास्तच. पुढे जे सांगतोय ते या पेचातून आणि अशाच आणखी काही पेचांतून हळूहळू जमत गेलेलं आहे. गाडीचा इतिहास गाडीबरोबर जातो, माणसाचा इतिहास माणसाकडे राहतो. तत्त्व एवढंच आहे. अडचण येते ती दोन्ही एकाच पानावर लिहिलेले असतात तेव्हा.

पहिली पायरी: फाइल पूर्ण रिकामी करा

पिशवीतलं सगळं स्वच्छ चादरीवर ओता आणि तारखेप्रमाणे लावा. गंजलेल्या टाचण्या, स्टेपल काढा. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक घाला. मग वहीत यादी करा: क्रमांक, तारीख, कागद कशाचा, त्यात नावं कुणाकुणाची. हा शेवटचा रकाना विसरू नका, पुढचं सगळं काम त्यावर चालतं. लॅमिनेशन अजिबात नको. त्यात कागद कायमचा अडकतो आणि मागची बाजू, शिक्के, शाईचा पोत तपासता येत नाही.

यादी होईपर्यंत कुणालाही एकही फोटो पाठवू नका. "सहज बघायला पाठवा ना" म्हणणाऱ्याला पाठवलेला फोटो रात्रीपर्यंत पाच ग्रुपवर फिरलेला असतो.

दुसरी पायरी: तीन ढीग

पहिला ढीग निव्वळ गाडीचा. चेसिस आणि इंजिन नंबर, आरसीवरच्या नोंदी, फिटनेस, कर्ज फिटल्याचा कागद, सुट्या भागांची बिलं, रंगकाम, अपघातानंतर पत्रा बदलल्याची पावती. दुसरा निव्वळ माणसाचा. खाजगी पत्रं, दवाखान्याचे कागद, घटस्फोटात गाडी कुणाकडे जाणार याचा वकिलाचा पत्रव्यवहार, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, कर्जासाठी जोडलेलं बँकेचं स्टेटमेंट. मागच्या विक्रीच्या वेळी कुणीतरी दिलेली आधारची झेरॉक्स जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये सापडते. ती मूळ माणसाला परत करा, तो सापडत नसेल तर फाडून टाका.

तिसरा ढीग मिसळलेल्यांचा, आणि खरी डोकेफोड इथेच आहे. काकूंची डायरी यात. घरचा पत्ता छापलेलं गॅरेजचं बिल यात. चालवणाऱ्याचं नाव असलेला इन्शुरन्सचा क्लेम आणि त्याला जोडलेला पंचनामा यात. लग्नाच्या वरातीत फुलांनी सजवलेल्या गाडीचा, पाठीमागे अख्खं कुटुंब उभं असलेला फोटोही यात.

अशा प्रत्येक कागदाला मी दोन प्रश्न विचारतो. हे माहीत नसेल तर घेणाऱ्याचा गाडीविषयीचा निर्णय चुकेल का? आणि हे माहीत झालं तर कुणाला त्रास होईल? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर ती माहिती घेणाऱ्यापर्यंत पोचलीच पाहिजे, मग नाव-गाव झाकून का होईना. पहिल्याचं 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' असेल तर तो कागद मागे राहतो. पंचनाम्यात "समोरून धडक, डावं मडगार्ड व दिवा निकामी" हे घेणाऱ्याचं आहे. चालवणारा मुलगा कोणाचा आणि त्याच्या तोंडाला वास येत होता की नाही, हे त्याचं नाही.

पूर्वीच्या मालकांची नावं या ढिगात वेगळी धरावीत. जुन्या आरसी बुकात हस्तांतराच्या नोंदी असतात आणि ते बुक कायद्यानेच नव्या मालकाकडे जातं. म्हणजे घेणाऱ्यापासून ती नावं लपवण्यात अर्थ नाही. पण म्हणून ती जाहिरातीत छापायला मोकळीक मिळते असंही नाही. मला एकाने विचारलं होतं, "सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं उघडी असतात, मग गाडीचीच काय एवढी झाकाझाक?" सवाल चोख आहे. जमिनीची नोंद सगळ्यांना दिसावी म्हणूनच ठेवलेली असते. गाडीच्या बाबतीत देशोदेशी वेगळा हिशेब आहे. इटलीत पीआरए ही गाड्यांची सार्वजनिक नोंदवही आहे, शुल्क भरून गाडीच्या मालकांचा क्रमवार उतारा काढता येतो, अगदी सातबाऱ्यासारखा. ब्रिटनमध्ये डीव्हीएलए या वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याकडे व्ही८८८ फॉर्म भरून वाजवी कारण पटवून द्यावं लागतं. आपल्याकडे एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालकाचं नाव तारे घालून दाखवतात. आपल्या व्यवस्थेने एकदा झाकायचं ठरवल्यावर विकणाऱ्याने ते जाहिरातीतून उघडं करायचं कारण नाही.

नमुना म्हणून इंग्लंडातल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे बघा. तिथून ब्रिटिश गाड्यांना हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. कारखान्याच्या खतावण्यांतून गाडी कधी बनली, रंग कोणता, इंजिन नंबर कोणता, कुठे रवाना झाली, एवढं उतरवून देतात. खतावणी त्यांच्याकडेच राहते, तुमच्या हाती पडतो तो प्रमाणित गोषवारा. डायरीचा पेच मला यानेच सुटला, ते पुढे येतंच.

तिसरी पायरी: विचारा, आणि नीट विचारा

ज्याचं नाव मिसळलेल्या ढिगात आहे त्याला विचारायचं. तो हयात नसेल तर जोडीदाराला, मुलांना. कुणी सापडलं नाही तर गप्प नाव झाकायचं आणि पुढे जायचं. जुन्या मालकाचा आजचा पत्ता काढण्यासाठी एजंटला चहापाणी देऊ नका. माहिती चोरवाटेने मिळवायची आणि मग तिचा सभ्यपणे वापर करायचा, हे जमत नसतं.

"तुमची काही हरकत नाही ना?" असं विचारलं की समोरचा संकोचाने "नाही" म्हणतो आणि आठवडाभर झुरतो. कागदागणिक विचारा. मी पाठवतो तो मजकूर साधारण असा:

"नमस्कार काका. तुमच्याकडे १९८४ ते १९९३ असलेली फियाट आता पुण्यात विकली जातेय. फाइलमध्ये तुमच्या नावाची तीन बिलं आणि एक अपघाताचा क्लेम आहे, फोटो सोबत जोडलेत. घेणाऱ्याला कामाचा तपशील दाखवावा लागेल. तुमचं नाव आणि पत्ता झाकून दाखवू, की नाव राहिलं तरी चालेल? नाव ठेवायचं नसेल तर कारण सांगायची गरज नाही. रविवारपर्यंत कळवलं नाहीत तर झाकूनच दाखवीन."

उत्तर आलं नाही तर झाकायचं, ही शेवटची ओळ महत्त्वाची. गप्प राहिलेल्या माणसाची संमती धरू नका.

पुष्कळदा उलटंच होतं. काका खूश होतात, तासभर बोलतात आणि स्वतःहून आणखी दोन फोटो पाठवतात. एखाद्या संस्थानिकाची किंवा नटाची गाडी असेल तर ते नावच किंमत वाढवतं, आणि ते आधीच जगजाहीर असतं. तिथे नाव सांगायला हरकत नाही, पण नावाला कागदाचा आधार हवा. 'अमक्या महाराजांची गाडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी काहींना महाराजांनी हातही लावलेला नसतो.

चौथी पायरी: गुप्ततेच्या पडद्याआड दोष दडवू नका

या पायरीवर बरीच मंडळी घसरतात. खाजगीपणा हा शब्द इथे फार सोयीचा ठरतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे कुणाला सांगायला नको. त्या पाण्यात एक फियाट तीन दिवस छतापर्यंत बुडाली होती. मालकाने तिचा सडलेला पत्रा टाकून दिला आणि भंगारातून दुसरी बॉडी आणून तिच्यावर आपले नंबर चढवले. हे त्याने मला विश्वासात घेऊन सांगितलं आणि वर म्हणाला, "आपल्यातच राहू दे, घरगुती गोष्ट आहे."

घरगुती काहीच नव्हतं त्यात. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. बॉडी बदलली म्हणजे गाडीच बदलली, आणि नंबर उचलून दुसरीकडे लावणं हा सरळ गुन्ह्याचा मामला आहे. त्यात २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाचं ५,०००. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. घेणारा उद्या त्या नंबरासाठी अर्ज करणार असेल तर तुमची 'घरगुती गोष्ट' त्याच्या गळ्यात पडते.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवण्याला फसवणूक मानतं. नुसतं गप्प बसणं मात्र, बोलणं कर्तव्य असल्याशिवाय, फसवणुकीत धरत नाही. म्हणजे कायदा तुम्हाला जितकं गप्प बसू देतो तितकं गप्प बसून गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देता येईलच असं नाही. पूर, आग, चोरी, बदललेलं इंजिन, जोडलेला पत्रा, बाकी असलेलं कर्ज, चालू असलेला वाद, या गोष्टी सांगायच्याच. कोणामुळे, कोणाच्या चुकीने, ते सोडून द्या.

कागदांना एवढं वजन का, याचं मोठं उदाहरण १९९० च्या लंडनच्या कोर्टात घडलं. १९२९ आणि १९३० सालची फ्रान्समधली ल मान्सची मोटार शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली एक कोटी पौंडांना ठरली. घेणारा मागे हटला: इतके भाग बदलल्यावर ही तीच गाडी कशी? कोर्टाने अखंड इतिहास पाहून ती अस्सल 'ओल्ड नंबर वन'च ठरवली आणि विकणारा जिंकला. बदल झाले म्हणून गाडी खोटी ठरली नाही, कारण कुठला बदल कधी झाला याचा माग लागत होता.

पाचवी पायरी: झाकायचं तर खरंच झाका

काळ्या मार्करने नाव खोडलं आणि कागद खिडकीसमोर धरला की नाव वाचता येतं. मूळ कागदावर तर काहीच खोडू नका, तो खराब होईल आणि उद्या आरटीओत संशय येईल. मी असं करतो: झेरॉक्स काढायची, झाकायच्या जागी जाड पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि त्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढायची. दुसरी प्रत द्यायची, पट्टीवाली जपून ठेवायची.

मोबाइलवर काम करणाऱ्यांची आणखी एक चूक होते. पीडीएफवर काळा चौकोन ओढला तरी खालची अक्षरं फाइलमध्ये जिवंत असू शकतात, कुणीही निवडून कॉपी करू शकतो. म्हणून चौकोन ओढल्यावर पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि तो द्या. पेनाच्या अर्धपारदर्शक हायलाइटने झाकू नका, फोटोचा उजळपणा वाढवला की सगळं दिसतं. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला याचं ठिकाणही असतं, ते काढून टाका. सह्या झाका. जुन्या मालकाची स्वच्छ सही म्हणजे खोट्या फॉर्मला आयतं आमंत्रण.

झाकलं आहे हे लपवू नका. पट्टीच्या जागी "नाव व पत्ता वगळला" असं लिहा. घेणाऱ्याला कळू दे की काय गेलं आणि का गेलं.

आता डायरी. मी नवीन वही घेतली आणि तारीख, किलोमीटर, लिटर हे तीन रकाने १९७१ पासून शेवटपर्यंत उतरवून काढले. चौथा रकाना घेतलाच नाही. सतरा वर्षांचं पेट्रोल लिहिताना बोटं दुखली, पण त्यातच १९७९ मध्ये ॲव्हरेज अचानक पडल्याचं आणि दोन महिन्यांनी कार्ब्युरेटरचं बिल निघाल्याचं जुळलं. गिऱ्हाइकाला ते फारच आवडलं. मग काकूंच्या घरी, त्यांच्या समोर, मूळ डायरीतली त्याने निवडलेली दहा पानं चौथ्या रकान्यावर पट्टी धरून दाखवली. आकडे जुळले. वहीच्या शेवटी मी आणि काकूंनी सही केली. डायरी कपाटात परत गेली.

सहावी पायरी: कधी काय दाखवायचं

जाहिरातीत मॉडेल, साल, मालक किती झाले, कामाचा सारांश आणि दोष. गाडीच्या फोटोत पूर्ण नंबरप्लेट, चेसिस नंबर किंवा आरसी नको. चेसिस नंबर उघड्यावर टाकला की दुसऱ्या कुठल्या गाडीवर तो उमटायला वेळ लागत नाही. एमएच येण्याआधीच्या मुंबईच्या तीन अक्षरी नंबरांचं लोकांना भारी कौतुक असतं, म्हणून विकणाऱ्याला ते दाखवायचा मोह होतो. पहिली अक्षरं दाखवा, आकडे झाका.

बघायला आला की पहिला ढीग समोर ठेवा, हातात घेऊन वाचू द्या, फोटो मात्र नको. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट त्याला स्वतःला काढू द्या. कागद नंबरवर ठेवून वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. आरसीशी ताडून बघायला याहून सोपं काही नाही. त्याने टोकन दिलं आणि ओळखपत्र दाखवलं की झाकलेल्या प्रती. पूर्ण पैसे आले की आरसी आणि मूळ कागद. चोरीची गाडी आहे का हे एनसीआरबीच्या (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाच्या) वाहन समन्वय या ऑनलाइन सेवेवर त्याला कुठल्याही टप्प्यावर बघू द्या, त्यासाठी तुमच्या परवानगीचा प्रश्नच नाही.

सातवी पायरी: दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं

मेस्त्री, क्लबचा नोंदवही सांभाळणारा, मध्यस्थ, यांच्या पोटात गाड्यांपेक्षा माणसांचीच गुपितं जास्त असतात. मी स्वतः फियाटांची एक वही ठेवतो. चेसिस नंबर, मालक, काय बदललं. लोक भरवशाने सांगतात म्हणून ती भरते. तशी वही कॉम्प्युटरवर असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ लक्षात ठेवा. स्वतःच्या घरगुती कामापुरत्या माहितीला तो लागू होत नाही, पण क्लबची नोंदवही किंवा डीलरची यादी 'घरगुती' म्हणवून सुटणं कठीण. कागदी फाइल स्कॅन केली की तीही डिजिटल होते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतात.

गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, अमुक गाडी कशी आहे?" तर मी सगळ्यांना एकच उत्तर देतो: "मालकाने लेखी हो म्हटलं तर माझ्याकडची नोंद देतो. तोवर काहीच बोलत नाही, चांगलंही नाही." चांगल्या गाडीला 'झकास' आणि वाईट गाडीला 'मी बोलत नाही' असं केलं की न बोलणंच बोलायला लागतं. म्हणून उत्तर सगळ्यांना सारखं.

पण पुरात बुडालेल्या त्या फियाटच्या बाबतीत हे पुरलं नाही. मालकाला मी सांगितलं, तू सांग नाहीतर मी ही गाडी विकणार नाही. त्याने दुसरा दलाल धरला. मग नाशिकच्या एका तरुणाचा मला फोन आला. मी त्याला सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं, आणि वर म्हटलं की पेन्सिल प्रिंट काढ, माहितगार मेस्त्रीला खालून वेल्डिंग दाखव, आरटीओत नोंद ताडून बघ. त्याने ते केलं आणि गाडी घेतली नाही. हे सुदैव होतं. त्याने केलं नसतं तर? आज तसा फोन आला तर मी आणखी एक वाक्य बोलेन: "या गाडीची शिफारस मी करणार नाही, आणि घेण्याआधी मालकाला बॉडीविषयी लेखी विचार." बदललेले नंबर हे कुणाचं गुपित नव्हे. पोलिसांनी रीतसर विचारलं तर मी वही उघडेन, आणि हे मी माहिती देणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो.

आठवी पायरी: ताबा देताना

पहिल्या पायरीची यादी दोन प्रतींत काढा. दिलेल्या कागदापुढे 'मूळ' किंवा 'झाकलेली प्रत', मागे ठेवलेल्यापुढे 'कुटुंबाकडे'. दोघांच्या सह्या. खाली एक ओळ लिहून घ्या: पूर्वीच्या मालकांची नावं, पत्ते जाहिरातीत किंवा समाजमाध्यमांवर टाकणार नाही आणि पुढे गाडी विकताना हीच अट पुढच्याला घालेन. ही ओळ कोर्टात किती टिकेल कोण जाणे, पण सही करताना माणूस एकदा थांबतो.

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ओळखपत्राच्या झेरॉक्सवर आडवं लिहा, "फक्त अमुक गाडीच्या हस्तांतरासाठी", आणि तारीख घाला, म्हणजे तीस वर्षांनी कुणाच्या चादरीवर ती ओतली गेली तर कशासाठी दिली होती ते कळेल.

काकूंच्या व्यवहारात यादीतला ४१ वा क्रमांक राहिला होता, वरातीचा फोटो. माणसं झाकली तर फोटोत फक्त बोनेट आणि झेंडूच्या माळा उरत होत्या. काकू म्हणाल्या, "असाच द्या. मी सगळ्यात डावीकडे आहे, बारीक होते तेव्हा."